सह्याद्रीतील निसर्गछायाचित्रण : साहस, सौंदर्य आणि शिस्त

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की सह्याद्रीच्या काळ्या कड्यांवरून पांढरे धबधबे वाहू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग शहरांतून कॅमेरे घेतलेल्या तरुणांचे जथे घाटमाथ्याकडे वळतात. आश्विनात पठारे फुलतात, माघ-फाल्गुनात कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची पिले वाळूतून वर येतात, वैशाखात पाणवठ्यांवर वाघ दिसतो. वर्षाचा असा एकही महिना नाही की ज्यात महाराष्ट्राच्या निसर्गाकडे कोणी ना कोणी भिंग रोखून बसलेला नसतो. पूर्वी हा छंद मोजक्या हौशी लोकांचा होता. आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. त्यामुळे निसर्गाचे छायाचित्रण हा विषय केवळ कलावंतांचा उरलेला नाही. ज्या गावाच्या शिवारात ही माणसे येतात त्या गावची ग्रामपंचायत, तेथील शाळा आणि त्या तालुक्याचे अधिकारी यांचाही त्याच्याशी निकटचा संबंध आला आहे. या कलेपासून गावाला काय मिळू शकते, तिच्यामुळे काय गमवावे लागू शकते आणि तिला शिस्त कशी लावावी, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

बंदुकीऐवजी कॅमेरा

महाराष्ट्राला छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमण्यात आलेले मेजर रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला. त्यांनी वर्षानुवर्षे खपून रंगविलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेल्या. मात्र त्यांनी काढलेली पश्चिम भारतातील लेणी, मंदिरे व निसर्ग यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती आणि ती टिकून राहिली. एकाच चित्राच्या अनेक प्रती निघू शकतात, हे छायाचित्राचे सामर्थ्य या घटनेतून स्पष्ट होते.

त्या काळी जंगलात जाणाऱ्याच्या खांद्यावर बंदूकच असे. हा प्रघात बदलण्यात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्याचा मोठा वाटा आहे. संयुक्त प्रांतातील जंगलात त्यांनी जनावरांच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागताच प्रकाशाचा झोत पडे आणि चित्र टिपले जाई. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. वाघांची गणना करण्यासाठी आज व्याघ्र प्रकल्पांत झाडांना जे स्वयंचलित कॅमेरे बांधले जातात, त्यांचे मूळ या प्रयोगात आहे.

रानपिंगळ्याची साक्ष

छायाचित्र हा पुरावा कसा ठरतो याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. रानपिंगळा या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केले. खानदेशातून त्याचे काही नमुने मिळाले, पण १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद उरली नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मिळविल्याचे सांगितलेला एक नमुना संग्रहालयात होता. परंतु तो दुसऱ्याने पूर्वी गोळा केलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला नमुना असल्याचे पुढे सिद्ध झाले. एका खोट्या नोंदीने शोध घेणाऱ्यांची दिशाच चुकविली होती.

पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुन्यांची छाननी केली, खोटी स्थळे बाजूला सारली आणि खऱ्या स्थळांकडे मोर्चा वळविला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सहकाऱ्यांसमवेत त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी दिसलेला हा पक्षी उडून जाण्यापूर्वी त्याचे चित्रण करण्यात आले. गावोगाव आढळणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, तर रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. हा भेद चित्रात स्पष्ट दिसल्यामुळे शंकेला जागा उरली नाही आणि पक्ष्याला बंदुकीने टिपण्याचीही गरज पडली नाही. त्यानंतर मेळघाटात आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला.

या घटनेचा बोध दुहेरी आहे. खरे चित्र शास्त्राला शंभर वर्षांची हरवलेली वाट दाखविते आणि खोटी नोंद शास्त्राला पिढ्यान्‌पिढ्या भटकविते. म्हणून चित्राखाली तारीख, वेळ व परिसर यांची प्रामाणिक नोंद करणे हा निसर्गछायाचित्रणाचा पहिला धडा होय.

प्रकाशाचे गणित

छायाचित्रण म्हणजे प्रकाशाचे लेखन. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा सुमारे तासभराचा काळ डोंगरदऱ्यांच्या चित्रणास उत्तम असतो. ऊन तिरपे पडल्यामुळे कड्यांच्या घड्या, बुरुजांचे दगड आणि गवताची पाती उठून दिसतात. माध्यान्हीच्या उन्हात सावल्या काळ्याठिक्कर पडतात व दृश्य सपाट होते. पावसाळी ढगांचा मंद प्रकाश मात्र फुलांसाठी आणि जंगलाच्या अंतर्भागासाठी अनुकूल असतो.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो. त्यामुळे चौकट धुक्याने किंवा फेसाळ पाण्याने भरलेली असेल तर पांढरे धुके चित्रात मळकट उमटते. उलट काळ्या कातळाचे चित्र अवाजवी फिके येते. धुक्यासाठी प्रकाश थोडा वाढवावा व कातळासाठी थोडा कमी करावा, हा नियम लक्षात ठेवल्यास पावसाळ्यातील अनेक चित्रे वाया जाण्यापासून वाचतात.

शटरचा वेग विषयानुसार ठरतो. कॅमेरा हातात धरून चित्र घेताना भिंगाची लांबी जितके मिलिमीटर, तितक्या भागाच्या सेकंदापेक्षा वेग कमी नसावा. म्हणजे ४०० मिलिमीटरच्या भिंगाला किमान १/४०० सेकंद हवा. उडत्या पक्ष्यासाठी १/१००० ते १/२००० सेकंद लागतो. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे असे वाटत असेल तर कॅमेरा तिवईवर बसवून पाव ते एक सेकंद शटर उघडे ठेवावे. जवळच्या दगडापासून दूरच्या रांगेपर्यंत सर्व काही स्पष्ट हवे असल्यास छिद्राचे माप एफ ८ ते एफ ११ ठेवावे.

कोकण व घाटमाथ्यावरील दमट हवा हा कॅमेऱ्याचा मोठा शत्रू आहे. ओलाव्याने भिंगावर बुरशी चढते आणि ती काचेचा मुलामा खाऊन टाकते. घरी परतल्यावर सामान कोरडे करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे. वातानुकूलित गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढल्यास भिंगावर दव साठते. म्हणून तो काही काळ पिशवीतच राहू द्यावा. मोबाइल वापरणाऱ्याने भिंग मऊ फडक्याने पुसावे, आणि चित्र मोठे करण्यासाठी बोटांनी ताणण्याऐवजी शक्य तेथे स्वतः दोन पावले पुढे जावे. अर्थात पुढे पाऊल टाकण्यास जागा आहे की नाही, हे आधी पाहावे.

कड्यावरची शिस्त

हे शेवटचे वाक्य विनोदाने लिहिलेले नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर व कड्यांवर होणाऱ्या अपघातांत चित्र काढण्याच्या वा काढून घेण्याच्या नादात तोल गेल्याच्या घटना पुनःपुन्हा घडतात. अशा वेळी दोर घेऊन दरीत उतरतात ते स्थानिक गिर्यारोहक आणि गावातील तरुण. एका निष्काळजी पावलासाठी दहा जणांचे प्राण पणाला लागतात.

सह्याद्रीचा बसाल्ट कातळ पावसात शेवाळाने निसरडा होतो. कड्याच्या टोकाला वाढलेले गवत पोकळीवर झुकलेले असते, त्यामुळे जमीन कोठे संपते ते कळत नाही. कॅमेऱ्यातून पाहताना नजर चौकटीत अडकते व पायांखालचे भान सुटते. म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. कॅमेरा डोळ्याला लावून एकही पाऊल टाकू नये. आधी जागा निवडावी, पाय रोवावेत, मग चित्र घ्यावे. मागे सरकताना मागे वळून पाहावे. ओढ्याच्या पात्रात उभे असताना माथ्यावरील ढगांकडे लक्ष ठेवावे. वर पाऊस झाला तर खाली कोरडे असूनही पाणी अकस्मात वाढते. विजा चमकत असताना उघड्या माथ्यावर तिवई मांडून बसू नये.

किल्ल्यांच्या कड्यांना व बुरुजांना आग्या माश्यांची पोळी असतात. धूर, उग्र सुगंध, आरडाओरड यांनी माश्या खवळतात. कोकणात व घाटात दगडांखाली फुरसे असते. त्यामुळे जमिनीलगतचे चित्र घेण्यासाठी आडवे होण्यापूर्वी जागा काठीने तपासावी आणि न पाहता कपारीत हात घालू नये. एकट्याने जाऊ नये. कोठे जात आहोत व केव्हा परतणार याची वार्ता गावात देऊन ठेवावी. आपत्काली ११२ आणि वन व वन्यजीवांविषयी १९२६ हे दूरध्वनी क्रमांक गावाच्या फलकावर ठळकपणे असावेत. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धोक्याच्या स्थळी प्रतिबंधात्मक आदेश काढते ते याच कारणाने. हे आदेश म्हणजे हौसेवर घातलेले विरजण असे समजणे चूक आहे.

घरट्यापाशी थांबावे

माणसाच्या जिवाप्रमाणेच ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याच्या जिवाचाही प्रश्न असतो. महाधनेशाचे उदाहरण बोलके आहे. उन्हाळ्याच्या सुमारास मादी जुन्या, विशाल वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. अंडी उबविण्यापासून पिलू मोठे होईपर्यंत काही महिने ती बंदिवान असते आणि नर दिवसभर फळे आणून तिला भरवितो. झाडाखाली छायाचित्रकारांचा घोळका बसला तर नर जवळ येण्यास कचरतो. त्याची प्रत्येक चुकलेली फेरी म्हणजे आतील मादी व पिलांचा एक उपास होय. छायाचित्रकाराला मिळते एक चित्र, परंतु पक्ष्याचा सारा वर्षाचा संसार बुडण्याची भीती असते.

चित्र नीट दिसावे म्हणून घरट्यापुढील फांद्या तोडणे हा तर गंभीर प्रमाद आहे. सावली गेली की कोवळी पिले उन्हाने होरपळतात आणि कावळे-शिकऱ्यांना वाट मोकळी होते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलाविण्याची प्रथाही घातक आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर आल्याचे समजून तो पिलांना सोडून लढावयास धावतो.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करण्याचाही समावेश होतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश परवान्याने मिळतो, आणि २०२२ च्या सुधारणेनुसार अधिवासात कोणताही बदल न करता व त्याला बाधा न आणता ते करावयाचे असते. तरीही उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीला तिच्या पिलांसह दोन्ही बाजूंनी अडविल्याची घटना घडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. त्या वाहनांतील मार्गदर्शक व चालक परिसरातील गावांचेच होते. पर्यटकाच्या आग्रहाला ठाम नकार देण्याचे बळ त्यांना मिळवून देणे, हे प्रशिक्षणाइतकेच आवश्यक आहे.

काजवे आणि कासवे

वैशाखाच्या अखेरीस व ज्येष्ठात, पाऊस जोर धरण्यापूर्वी, भंडारदऱ्याच्या परिसरात आणि घाटातील इतर गावी काजव्यांनी झाडे उजळतात. हा प्रकाश म्हणजे काजव्यांचा परस्परांशी चाललेला संवाद असतो. नर ठराविक तालात चमकतो व मादी त्याला उत्तर देते. मोटारींचे दिवे, विजेऱ्या आणि कॅमेऱ्याचा झोत यांनी हा संवाद तुटतो. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढील वर्षी काजवे नाहीत.

काजव्यांचे चित्र झोताशिवायच उत्तम येते. तिवईवर कॅमेरा बसवून शटर १५ ते ३० सेकंद उघडे ठेवावे आणि अंधार पडण्यापूर्वीच चौकट ठरवून घ्यावी. अनेक छायाचित्रकार अशी दहावीस चित्रे एकावर एक जोडून लक्षावधी ठिणग्यांचे चित्र तयार करतात. त्यात गैर काही नाही, परंतु चित्राखाली तसे नमूद करणे अगत्याचे आहे. अन्यथा ते चित्र पाहून आलेला प्रवासी प्रत्यक्षात तेवढा प्रकाश दिसत नाही म्हणून आणखी आत, झाडांखाली, जमिनीवरील काजवे तुडवीत जातो. रानपिंगळ्याच्या खोट्या चिठ्ठीची ही नवी आवृत्ती होय.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने वेगळा आदर्श घालून दिला आहे. पूर्वी या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सर्रास गोळा केली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून येथे संरक्षणाचे काम सुरू केले. २००६ पासून गावाच्या सहकार्याने कासव महोत्सव भरू लागला. सुरक्षित कुंपणात उबविलेल्या अंड्यांतून निघालेली पिले सकाळ-संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. त्या वेळी दोरीच्या अलीकडे शांत बसून चित्रे घ्यावयाची असतात. पिले उजळ क्षितिजाच्या रोखाने चालत समुद्र गाठतात, म्हणून झोताला मज्जाव असतो. पाहुणे गावातील घरांतच उतरतात व तेथेच जेवतात. कासव जिवंत राहिले तर गावाचे उत्पन्न जिवंत राहते, हे गणित येथे लहान मुलालाही समजते.

कासचा धडा

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, त्यात पावसाळ्याच्या काही आठवड्यांत उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या शेकडो जातींच्या वनस्पती, असे या पठाराचे वैशिष्ट्य. तेरड्याची गुलाबी झाक, गेंदाचे पांढरे ठिपके आणि कीटकभक्षी सीतेची आसवे यांची चित्रे दूरवर पोहोचली, आणि त्या चित्रांपाठोपाठ गर्दी आली. ज्या वर्षायू रोपावर बी धरण्यापूर्वी पाऊल पडते, त्याचा वंश त्या जागी थांबतो. फुलांत बसून छायाचित्र काढून घेणाऱ्या एका कुटुंबाने किती रोपे मोडली, हे त्या वर्षी दिसत नाही. ते पुढील वर्षी दिसते.

वन विभाग आणि परिसरातील गावांच्या समित्यांनी एकत्र येऊन येथे प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी, दैनिक संख्येवर मर्यादा आणि ठरलेल्या पायवाटा अशी व्यवस्था बसविली. त्यातून हंगामात गावातील तरुणांना रोजगार मिळतो. चित्राने आणलेल्या गर्दीला गावानेच शिस्त लावावी, हा कासचा धडा आहे.

गावाने काय करावे

गर्दी येण्यापूर्वी ग्रामसभेने नियम ठरवावेत, गर्दी आल्यावर नव्हे. प्रवाशांच्या नोंदीची वही, धोक्याच्या जागा दर्शविणारे फलक, वाहनतळाची निश्चित जागा, आणि गावातीलच मार्गदर्शक सोबत घेण्याचा दंडक या चार गोष्टींना फार खर्च लागत नाही. वनक्षेत्र किंवा संरक्षित स्मारक असेल तेथे संबंधित विभागाशी आधी विचारविनिमय करावा. ड्रोन उडविणाऱ्याकडे आवश्यक परवानगी आहे की नाही, याची विचारणा करण्यास संकोच नसावा.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन होतात व लोकजैवविविधता नोंदवही तयार केली जाते. गावात येणाऱ्या जाणत्या छायाचित्रकारांकडून त्यांच्या चित्रांची एक प्रत या नोंदवहीसाठी मागून घेता येईल. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे किंवा ऑर्किडचे झाड यांचे नेमके ठिकाण मात्र जाहीर करू नये. मोबाइलने काढलेल्या चित्रात स्थळाची नोंद आपोआप साठविली जाऊ शकते, ही बाब अनेकांच्या ध्यानी येत नाही. चित्र प्रसृत करण्यापूर्वी ती नोंद काढून टाकावी.

शिक्षकांना या छंदातून सोपा आणि मोलाचा उपक्रम घेता येईल. शाळेजवळचे एक झाड निवडून, जमिनीत एक खुंटी रोवून, त्याच जागेवरून दरमहा एक चित्र घ्यावे. पालवी केव्हा फुटली, मोहोर केव्हा आला, फळे कोणत्या पक्ष्याने खाल्ली याची नोंद वहीत करावी. देवराई, ओढा किंवा तळे यांचे असेच वर्षाकाठी एकदा चित्र घ्यावे. दहा वर्षांनी ही चित्रे एका ओळीत मांडली म्हणजे गावाचे पाणी वाढले की आटले, झाडोरा दाटला की विरळ झाला, याचा निर्विवाद पुरावा ग्रामसभेपुढे येईल. त्यासाठी महागडा कॅमेरा नको. एक साधा मोबाइल आणि नेमाने काम करणारे विद्यार्थी पुरेसे आहेत.

निसर्गछायाचित्रणात साहस आहे, सौंदर्य आहे आणि शास्त्राची सेवाही आहे. या तिन्हींना शिस्तीची जोड मिळाली तर छायाचित्रकार चित्र घेऊन जाईल आणि फूल, पक्षी, काजवा, कासव आपापल्या जागी राहतील. पुढल्या हंगामात गावच्या वेशीवर येणाऱ्या पाहुण्याला दाखविण्यासाठी तरी ते जागेवर असले पाहिजेत.